तीन आठवडे घासलेली जीभ

ज्यांच्या घरात कुणाच्या अंगावरून वारं गेलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उजव्या हाताने लिहिते आहे. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं दिसेल, पण ते आजारपणाच्या आधीही तसंच होतं, त्याचा दोष मेंदूला देऊ नका. नात म्हणते, आजी, डॉक्टरांना पटेल असं लिही. डॉक्टरांना काय, त्यांची पुस्तकं आहेत. जो खाटेवर पडलेला असतो, ज्याच्याविषयी सगळे बोलतात आणि ज्याला कुणी काही विचारत नाही, त्याच्यासाठी मला लिहायचं आहे. तो आतून सगळं ऐकत असतो, एवढं जरी घरच्यांना कळलं तरी माझे कागद वाया गेले नाहीत.

तेव्हाची मी

मोठा दुष्काळ सरून दुसरं वर्ष लागलं होतं. मी बेचाळीस वर्षांची, सोनगीरच्या शेतकरी घरातली थोरली सून, आणि माझ्या मते अख्ख्या धुळे तालुक्यात खापरावरचे मांडे करणारी एकटीच बाई. ज्यांनी मांडे पाहिले नाहीत त्यांना सांगते. पुरण भरलेला सैलसर गोळा दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत, या हातावरून त्या हातावर झुलवत मोठा करायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. लग्नघरातून मला बोलावणं आलं की मी आधी दोनदा नाही म्हणायची. तिसऱ्यांदा बोलावतील याची खात्री असायची.

माझी धाकटी जाऊ सुमन. तिला मी कणीक किती सैल ठेवायची ते दहा वर्षांत सांगितलं नव्हतं. ती जवळ आली की मी परातीवर पदर पसरायची. आज आठवलं की माझंच मला हसू येतं. जणू परातीत कणीक नव्हती, चोरून आणलेलं सोनं होतं.

गावातल्या डॉक्टरांनी वर्षभर आधीच सांगितलं होतं की रक्तदाब चढलेला आहे, गोळी चुकवू नका. मला त्याचा अपमान वाटला. मी रोज सगळ्यांसमोर गोळी हातात घ्यायची आणि नंतर तुळशीच्या कुंडीत पुरायची. तुळशीचा रक्तदाब उत्तम होता.

तो दिवस

तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली होती. मी चार दिवस पाचोऱ्याला माहेरी गेले आणि नेमकं गावात एक लग्न निघालं. मी नाही म्हणून सुमनला बोलावलं. परत आले तर जो भेटेल तो मांड्यांचंच बोलत होता. शेवटी जेवायला बसल्यावर आमचे सासरे, आबा, सहज म्हणाले, "धाकलीना मांडा तुन्हापेक्षा पातळ व्हतात."

मी ते रात्रभर चघळलं. सकाळी सुमन चुलीपाशी बसली होती, मी झारा घेऊन तिच्यापुढे उभी राहिले. पाठ केलेलं वाक्य होतं माझं. म्हटलं, "सुमन, तुन्हा मांडा म्हंजे..."

आणि पुढचं आलंच नाही.

हातातला झारा खाली पडला. मला वाटलं, रागाने सुटला. तोंडाच्या एका बाजूने लाळ आली. सुमन उठून कमरेवर हात ठेवून वाट बघत होती, की आता काय ऐकायला मिळतंय. बराच वेळ ती तशीच उभी होती बिचारी. मी आयुष्यात वाक्य अर्धं सोडलं नव्हतं, त्यामुळे तिच्या लक्षातच येईना. मग माझा उजवा पाय वाकला आणि मी तिच्याच अंगावर पडले.

आबा म्हणाले, अंगावरून वारं गेलं. लसणाचं तेल चोळण्यात, अंगारा लावण्यात आम्ही दुपार केली. धुळ्याला मोटारीने नेलं तेव्हा उन्हं कलली होती. तुम्ही असं करू नका. तेल नंतर चोळा, आधी दवाखाना गाठा.

दवाखान्यातलं "मंग"

मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा गुठळीने अडला, म्हणून उजवं अंग गेलं आणि वाचाही तिकडेच होती, असं तिथल्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांना समजावलं. हे, म्हणजे माझे यजमान, मान हलवत राहिले आणि बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला खाटेवरून त्यांची पाठ दिसत होती.

दवाखान्याचे दिवस सगळे सारखे. पहाटे थर्मामीटर, मग दूध-पाव, मग डॉक्टरांची फेरी, मग भेटायला येणाऱ्यांचा सुस्कारा. तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला. "मंग."

घरात आनंदीआनंद झाला. पण पुढे कळलं की तो एकच शब्द उरला आहे. पाणी हवं का? मंग. दुखतंय का? मंग. झोप लागली नाही का? मंग. आत माझ्याकडे सगळं वाक्य तयार असायचं, काना-मात्रेसकट, आणि दारातून बाहेर पडताना त्याचं "मंग" व्हायचं. हो म्हणायला मंग आणि नाही म्हणायलाही मंग. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, किती गोड स्वभावाची बाई आहे, कश्शाला नाही म्हणत नाही. आमचे हे त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

माझी लेक विमल सासरहून आली. माझ्या पायाशी बसून म्हणाली, "आई, मला ओळखलंस का?" मी तिचं नाव घ्यायला तोंड उघडलं. मी ठेवलेलं नाव. "मंग" म्हटलं. तिला वाटलं मी थट्टा करते आहे, ती हसली, आणि मग तिला कळलं.

हात गेला, पाय गेला, त्याचं मला एवढं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. वाटायचं, जीभ गेली म्हणजे मी गेले. घरात आता एक खाट राहील आणि तिच्यावर एक "मंग" पडलेलं राहील.

कबुतर

तीन आठवड्यांनी घरी आणलं. वारं लागू नये म्हणून खोलीच्या खिडक्या गोणपाटाने बंद केल्या. एक लांबचे भाऊबंद आले आणि म्हणाले, कबुतराचं रक्त चोळलं की अंग मोकळं होतं. आबा माळकरी. त्यांनी माझ्यावर टाकलं. म्हणाले, तिलाच विचारा. मला विचारलं, चालेल का?

मी जिवाच्या आकांताने नाही म्हणाले. ते ऐकू आलं, "मंग."

दुसऱ्या दिवशी टोपलीत कबुतर आलं. सगळे ओट्यावर चहा पीत होते. मी डाव्या हाताने खाटेवरून टोपलीचं झाकण सरकवलं. कबुतर गोणपाटाला धडका मारत सुटलं आणि दारातून गेलं. सुमनने पाहिलं होतं. तिने बाहेर जाऊन सांगितलं की मांजर आलं होतं.

ती माझ्याशी अशी वागायला लागली होती की मला भीती वाटायची. न सांगता माझं सगळं करायची, आणि करताना माझ्या तोंडाकडे बघायची. मी काय म्हणत होते, ते तिला हवं होतं. तिच्या मनाने घेतलं होतं की मी तिला शाप देत होते आणि तो माझ्यावरच उलटला. हे तिने पुढे सांगितलं. तेव्हा मला काही कळलं नाही. मला वाटायचं, मांड्यांचं श्रेय मिळालं म्हणून हिला माझी कीव येते.

जळगावचे सुईवाले

माझा भाऊ, नाना, जळगावला असायचा. त्याने पत्र पाठवलं की इथे सैन्यातून निवृत्त झालेले एक डॉक्टर आहेत. नेहमीचीच डॉक्टरकी शिकलेले, पण नंतर कलकत्त्याला एका म्हाताऱ्या चिनी वैद्याकडे बरीच वर्षं सुया टोचण्याची विद्या शिकले. आबा भडकले. चिन्यांनी आपले जवान मारून दहा-बारा वर्षं झाली नाहीत, आणि आता सुनेला त्यांच्या सुया? मला विचारलं. मी काय म्हटलं असेल ते तुम्हाला ठाऊक आहे. या खेपेला मात्र ते खरं होतं.

संक्रांतीनंतर निघालो. सोबत कोण, तर सुमन. घर आणि तिची दोन्ही पोरं विमलने सांभाळली. नानाच्या घरातली एक खोली आणि त्यात आम्ही दोघी. दहा वर्षांत एका चुलीवर जेवढ्या जवळ बसलो नव्हतो तेवढ्या.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सुई काढलीच नाही. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघत बसले. पाटल्या आड येत होत्या. सुमनने त्या वर सारून रुमालाने बांधल्या, कारण काढायच्या नाहीत असं ती ठाम म्हणाली. मग डॉक्टर म्हणाले, जीभ दाखवा.

आता बघा. परका पुरुष, डोक्यावरून माझा पदर, आणि त्यांना मी जीभ काढून दाखवायची. लहानपणी एकदा पाहुण्यांना दाखवली होती तेव्हा आईने चुलीतलं लाकूड उचललं होतं. दाखवली. ती सरळ येईना, एका बाजूला वळत होती.

त्यांनी विचारलं, "राग फार येतो का तुम्हाला?"

"मंग."

"आजार आला तेव्हा रागात होतात?"

"मंग."

सुमन खाली बघत होती. डॉक्टर तिलाही ऐकू जाईल असं समजावू लागले. चिनी लोक या दुखण्याला वाऱ्याचा तडाखा म्हणतात. फार जुन्या काळी त्यांनाही वाटायचं की वारा बाहेरून अंगात शिरतो. पुढे त्यांच्या वैद्यांच्या ध्यानात आलं की तो आतूनच उठतो. त्यांच्या हिशेबात यकृत म्हणजे लाकूड, मूत्रपिंड म्हणजे मुळाचं पाणी. वय झालं, कष्ट झाले, झोप कमी पडली की मुळाचं पाणी आटतं, लाकूड वाळतं. त्यात रागाची ठिणगी पडली की जाळ होतो, जाळातून वारा उठतो, वर डोक्याकडे चढतो आणि जाताना कफही ओढून नेतो. तो कफ जाऊन वाटांत बसतो. शरीरात रक्ताच्या आणि चैतन्याच्या वाटा आहेत, शेतातल्या पाटांसारख्या. पाट तुंबला की पलीकडचं वावर वाळतं. तुमचा हात, पाय आणि जीभ ही वाळलेली वावरं. जीभ तर त्यांच्या लेखी काळजाचा कोंब.

पिकाला पाणी देताना दारं धरण्यात अर्धं आयुष्य गेलं होतं माझं. पाट तुंबला तर कुठे फावडं मारायचं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. धुळ्याचे डॉक्टर गुठळी म्हणाले, हे तुंबलेला पाट म्हणतात. मला वाटलं, दोघं एकाच विहिरीवर दोन वाटांनी आले आहेत. त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, सुया गोळीची जागा घेत नाहीत. आणि खोलीच्या खिडक्या उघडा, वारा खिडकीतून आला नव्हता.

मग त्यांनी सुमनला विचारलं, सुया बघवतील का? सुमन केव्हाच ओट्यावर जाऊन बसली होती. एकट्या मला त्यांनी विचारलं, "जीभ बघायची तर ती जशी आहे तशी लागते. खरवडून आला नाहीत ना?"

मी म्हणाले, "मंग."

जिभली

सुमनने माझी जीभ रोज घासली होती. डॉक्टरांसमोर घाण जीभ कशी काढणार? आजारी असले तरी आम्ही काही अशी-तशी माणसं नव्हतो. ती पहाटे पितळी जिभलीने इतकी निगुतीने खरवडायची की डोळ्यांत पाणी यायचं. वरून वेलदोडा. अशी घासूनपुसून, पूजेच्या तांब्यासारखी लखलखीत जीभ मी आठवड्यातून तीनदा डॉक्टरांना दाखवायची आणि ते बघून म्हणायचे, आश्चर्य आहे, कफ दिसत नाही. मग नुसता राग शांत करण्याच्या सुया टोचायचे. पायाच्या अंगठ्यापाशी एक, हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात एक. सुई गेली की मुंग्या यायच्या, जड वाटायचं. दवण्यासारख्या वासाचा पाला पेटवून गुडघ्याजवळ शेक द्यायचे. पायात थोडी हालचाल आली. जीभ जागची हलेना.

तीन आठवडे गेले. माझी चिडचिड वाढली. एका सकाळी सुमन पेज भरवत होती, मला नको होती, आणि "नको" कसं म्हणायचं? मी डाव्या हाताने वाटी उडवली. पेज तिच्या लुगड्यावर, भिंतीवर, नानाच्या कॅलेंडरवर.

सुमन उठली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "मी बठ्ठं करस तुन्हं. हागणं-मुतणं करस. आज तुन्ही जीभ तूच घास."

आणि जिभली पिशवीत टाकून तोंड फिरवून बसली.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी तोंड उघडेना. ते म्हणाले, काय झालं? मी ओठ घट्ट मिटलेले. शेवटी चेहरा पदरात लपवून जेमतेम टोक बाहेर काढलं. ते खुर्चीतून उठले आणि खिडकीपाशी नेऊन नीट बघायला लागले. जिभेवर पांढरा, चिकट, जाड थर बसलेला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही जीभ तीन आठवडे कुठे होती?"

त्यांनी ओट्यावरून सुमनला बोलावलं. ती आली आणि पिशवीतून जिभली काढून तिने टेबलावर ठेवली. ती वाट बघत होती की आता रागावतील. ते हसले. म्हणाले, मी विहिरीत पाणी किती म्हणून रोज वाकून बघतो, आणि तुम्ही मी यायच्या आधी ती उपसून ठेवता. मग मला म्हणाले, बाई, तुम्ही मला मंग म्हणालात. मी म्हणाले, मंग.

त्या दिवशी सुयांच्या जागा बदलल्या. कफ फोडायला म्हणून गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला, मनगटाच्या आत करंगळीच्या रेषेत, आणि एक हनुवटीखाली. हनुवटीखालची बघून सुमनने पळ काढला नाही. ती माझा डावा हात धरून उभी राहिली आणि तिने डोळे मिटले.

"नाही"

सुयांनीच मी बरी झाले, असं छातीठोक सांगायला मी डॉक्टर नाही. गोळी होती, दिवस गेले होते, आणि सुमन होती. तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं की शब्द येत नसले तरी गाणं येतं का बघ. ती नानाच्या अंगणात बसून दळताना म्हणायच्या ओव्या म्हणायला लागली आणि चौथ्या ओळीला मी तिच्याबरोबर होते. शब्दांसकट. दोघी घाबरून थांबलो. थांबलो की शब्द गेले. पुन्हा सुरू केलं की आले. मोरी धुताना गाणं, भाजी निवडताना गाणं. नानाचे शेजारी म्हणाले, आजारी बाई फार मजेत दिसते.

जिभली बंद झाल्याच्या दहाव्या की अकराव्या दिवशी सुमनने पुन्हा पेज आणली. विचारलं, "घेस ना?"

मी म्हणाले, "नाही."

वाटी खाली ठेवून तिने परत विचारलं. मी परत म्हणाले, नाही. नाना आतून आला, त्यानेही विचारलं. नाही. त्या दिवशी मी कशालाच हो म्हणाले नाही. चहाला नाही, औषधाला नाही, आंघोळीला नाही. सगळं हवं होतं, पण म्हणायला इतकं गोड लागत होतं. तुमच्या माणसाला पहिला नकार येईल तेव्हा त्याच्यावर चिडू नका, पेढे वाटा.

होळीपर्यंत विमलचं नाव आलं. अडखळत, पण आलं. काठी धरून चालू लागले. डॉक्टरांनी निरोप देताना शेवटचं एकदा जीभ दाखवायला सांगितलं. ती सरळ आली. म्हणाले, आता ही परत घासा, पण वापरा जरा जपून.

आखाजी

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि खापरावर मांडे होतात. मी सोनगीरला परत आले होते. उजवा हात कोपरापासून अजून बधिर होता, तो पुढच्या वर्षी वळणावर आला. मांडे करायला सुमन बसली. मी शेजारी पाटावर. परातीवर पदर नव्हता. तिने गोळा उचलला तेव्हा मी म्हणाले, थोडं पाणी अजून लाव. दहा वर्षं दडवलेली गोष्ट, चार शब्दांची होती. तिने लावलं आणि मांडा कोपरापर्यंत असा झुलला की आबांनी दारातून मान आत घातली.

खापरावर मांडा टाकून सुमनने हात पुसले. माझ्याकडे वळली. चुलीच्या उजेडात तिचा चेहरा त्या सकाळसारखाच दिसत होता, वाट बघणारा.

"अक्का, त्या दिवशी तू काय सांगी राहिनी व्हती? सहा महिना झाया. शाप व्हता तरी सांग."

सगळं घर कान देऊन होतं. विमल, हे, आबा. मी वाक्य शोधलं. ते जिथे सोडलं होतं तिथेच होतं, धूळसुद्धा बसली नव्हती. मी पाठ सरळ केली आणि एका दमात म्हणाले, "सुमन, तुन्हा मांडा म्हंजे आबानं ओलं धोतर. दोरीवर टाकं ते दोरी तुटी जाई."

एकही शब्द अडला नाही. आमचे हे डोळे पुसत बाहेर गेले. या खेपेला मला त्यांची पाठ हलताना दिसली, ते हसत होते. आबा स्वतःच्या धोतराकडे बघत राहिले. सुमनने पदर तोंडाला लावला, आणि ती रडते आहे की हसते आहे ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"इतलंच?" ती म्हणाली. "इतल्यासाठी मी सहा महिना मरी राहिंती?"

खापरावरचा मांडा करपायला आला होता. तिने तो उचलून चौघडी घातली, माझ्या ताटात टाकला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आते खरं सांग. मन्हा मांडा पातळ व्हतात का नही?"

आता माझ्याकडे सगळे शब्द होते. नाही होतं, कधीच नाही होतं, चल गं होतं. मी मांड्याचा तुकडा तोडून उजेडासमोर धरला. पलीकडचा जाळ दिसत होता.

म्हणाले, "मंग."